खाणीचा 'आशीर्वाद' आणि वाकड्या मानेची माणसे

माझ्या वडिलांच्या लोखंडी पेटीत एक पितळी बिल्ला होता. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीत त्यांची उमेद गेली, तिथला. बिल्ल्यावर नाव नव्हते, चेहरा नव्हता. एक आकडा होता आणि खिळ्याला अडकवण्यापुरते भोक होते. काम सुटले तेव्हा तो परत द्यायचा राहिला, म्हणून आमच्या घरात राहिला.

या बिल्ल्याची आठवण व्हायला एक निमित्त घडले. आमच्या अभ्यासवर्गात मी काही जुन्या जर्मन नाण्यांची छायाचित्रे दाखवली. नाण्यांचा छंद असलेल्या एका मित्राने ती दिली होती. चांदीची नाणी, काही तळहाताएवढी मोठी, आणि त्यांवर राजाच्या मुकुटाबरोबर चक्क खाणकामगार कोरलेले. माझा हेतू सरळ होता. श्रमिकाचे चित्र नाण्यावर आले, असाही एक देश होता, हे मुलांना दाखवावे. चित्रे पाहून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नाण्यावर जो माणूस कोरलाय, त्याला ते नाणं मिळत होतं का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ही नाणी कुठली ते सांगतो. मध्य जर्मनीत हार्ट्झ नावाची डोंगररांग आहे. तिच्या पूर्वेला, आजच्या झाक्सन प्रांत आणि चेक देश यांच्या सीमेवर, एर्ट्सगेबिर्गे म्हणजे 'खनिजांचे डोंगर' आहेत. या दोन्ही ठिकाणी आणि त्यांच्यामधल्या मान्सफेल्डच्या प्रदेशात शतकानुशतके चांदी निघत होती. झाक्सनमधल्या फ्रायबेर्ग येथे ती ११६८ साली सापडली. बोहेमियातल्या योआखिमस्थाल या खोऱ्यात १५१६ साली खाणींचे गाव वसले आणि तिथल्या श्लिक घराण्याच्या सरदारांनी त्या चांदीची मोठी नाणी पाडली. त्यांवर संत योआखिमचे चित्र होते. गावाच्या नावावरून त्या नाण्यांना 'योआखिमस्थालर' म्हणू लागले, त्याचे 'थालर' झाले आणि त्याच थालरचे पुढे 'डॉलर' झाले. आज जगभर ज्या डॉलरचा दबदबा आहे, त्याचे नाव डोंगरातल्या एका खाणगावातून आले आहे. त्याच गावातल्या खाणकामगारांनी १५२५ साली उठाव केला होता. ही गोष्ट डॉलरची व्युत्पत्ती सांगणारी पुस्तके सहसा सांगत नाहीत.

हार्ट्झच्या खाणी ब्राउन्श्वाइग आणि ल्यूनेबुर्गच्या वेल्फ घराण्यातल्या ड्यूकांच्या ताब्यात होत्या. त्यांच्यापैकी ड्यूक यूलियुस हा मोठा हिशेबी माणूस. १५७४ साली त्याने 'लोझर' नावाची अवजड चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. सव्वा थालरपासून थेट सोळा थालरपर्यंत त्यांची किंमत असे. सोळा थालरच्या एका नाण्याचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर भरते. असे नाणे घेऊन कोणी बाजारात भाजी आणायला जात नाही. यूलियुसचा हुकूम असा होता की, ऐपत असलेल्या प्रत्येक प्रजाजनाने आपल्या ऐपतीप्रमाणे एक लोझर विकत घ्यायचा, तो घरात जपून ठेवायचा आणि मागणी होईल तेव्हा दाखवायचा. खर्च करायचा नाही. म्हणजे लोकांचा चालता पैसा ड्यूककडे गेला, त्याच्या खाणीची चांदी लोकांच्या पेटीत गेली, आणि अडीअडचणीच्या काळासाठी राज्याचा खजिना प्रजेच्या घरात प्रजेच्याच खर्चाने राखला गेला. राज्यकर्त्यांची अक्कल कुठे कुठे चालते ते पाहावे.

पुढच्या शतकात, साधारण १६५० नंतर, याच घराण्यातल्या ड्यूकांनी लोझरवर खाणींची दृश्ये कोरून घेतली. विद्यार्थ्यांना दाखवलेली चित्रे बहुतेक याच काळातली. कारागिरी खरोखर अप्रतिम आहे. डोंगर मधोमध कापून दाखवावा तसे त्याचे पोट उघडे केलेले असते. आत बोगदे, त्यांत वाकून दगड फोडणारी माणसे, वर रहाट फिरवून खनिज ओढणारे गडी, पाणचक्क्या, घोड्यांनी फिरवलेली यंत्रे, दूरवर गावातली घरे. आणि या सगळ्याच्या वर, आकाशात, वेल्फ घराण्याचे चिन्ह असलेला घोडा झेपावतो आहे आणि ढगातून बाहेर आलेला देवाचा हात त्या घोड्याच्या डोक्यावर पुष्पमुकुट धरतो आहे.

वर देव, त्याच्या खाली राजाचा घोडा, त्याच्या खाली डोंगर आणि डोंगराच्या पोटात माणसे. ही उतरंड पाहून आपल्याकडच्या वाचकाला एका जुन्या सूक्तातली मुख, बाहू, मांड्या आणि पाय ही वाटणी आठवली, तर त्यात नवल नाही. मलाही आठवली. पण इथे मला स्वतःलाच आवरावे लागले. जर्मन खाणकामगार जन्माने अस्पृश्य नव्हता. उलट, ज्या काळात त्याच्या शेजारचा शेतकरी जमीनदाराचा बांधील होता, त्या काळात खाणकामगाराला 'डोंगराचे स्वातंत्र्य' नावाची सनद होती. तो वेठीतून मुक्त होता, त्याला स्वतंत्र न्यायालय होते, काही करांतून सूट होती. एकमेकांना भेटल्यावर 'ग्लुक आउफ' म्हणून सुदैवाची इच्छा करण्याची त्यांची खास रीत होती. आजारी आणि जायबंदी सोबत्यांसाठी वर्गणी काढून चालवलेला त्यांचा निधी तर फार जुना आहे. गोस्लारच्या खाणकामगारांच्या अशा बंधुसंघाला तिथल्या बिशपने १२६० साली मान्यता दिल्याचा कागद उपलब्ध आहे. कामगार चळवळीत काम करणाऱ्यांनी हे साल पाठ करून ठेवावे. तेव्हा त्याचे दुःख आपल्या दुःखाच्या साच्यात कोंबणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याचे कोडे वेगळे आहे. ज्याला मान होता, सनद होती, मिरवणुकीत जागा होती आणि नाण्यावर चित्रसुद्धा होते, त्याच्या हातात काय पडत होते?

याचे उत्तर नाण्यांच्या नावातच आहे. खाणीच्या चांदीतून खास पाडलेल्या या नाण्यांना जर्मनमध्ये 'आउसबॉइटे-थालर' म्हणतात. 'आउसबॉइटे' म्हणजे खाणीतून निघालेले उत्पन्न, आणि अधिक नेमके सांगायचे तर भागधारकांना वाटला जाणारा नफा. खाणीची मालकी भागांत वाटलेली असे. एका भागाला 'कुक्स' म्हणत आणि सामान्यतः एका खाणीचे १२८ कुक्स असत. हे भाग सरदार, अधिकारी आणि लाइपझिग, न्यूर्नबेर्गसारख्या दूरच्या शहरांतले व्यापारी विकत घेत. यांतल्या अनेकांनी खाणीचे तोंडसुद्धा पाहिलेले नसे. खाण तोट्यात असली तर भागधारकाने वर भर घालायची आणि नफ्यात आली की दर तिमाहीला आउसबॉइटे घ्यायची. चांदी मात्र बाहेर विकता येत नसे. ती राजाच्या टांकसाळीला, राजाने ठरवलेल्या आणि बाजारापेक्षा कमी असलेल्या भावाने द्यावी लागे. त्याआधी राजाचा दहावा हिस्सा निघालेला असेच. म्हणजे पहिला वाटा राजाचा, दुसरा नफा पुन्हा टांकसाळीत राजाचाच आणि उरलेली आउसबॉइटे भागधारकांची. अठराव्या शतकात हार्ट्झच्या थालरवर त्या त्या खाणीचे नाव आणि चिन्ह येऊ लागले. 'लाउटेनथालचे भाग्य' या खाणीच्या नाण्यावर वीणेसारखे तंतुवाद्य वाजवणारी स्त्री आहे. 'पांढरा हंस' खाणीच्या नाण्यावर हंस आहे. 'इंद्रधनुष्य' नावाची खाण होती, 'प्रभूची कृपा' नावाचीही होती. भाग्य, कृपा, हंस, इंद्रधनुष्य! नाणी हातात घेणाऱ्याला आपण कुठल्याशा सुंदर बागेचे मालक आहोत असे वाटावे.

खाणकामगाराला मिळायची ती आठवड्याची मजुरी, लहान नाण्यांत मोजलेली. लहान नाण्यांचीही एक कथा आहे. १६१८ साली तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि पुढची चार-पाच वर्षे जर्मन राज्यांत नाणी खोटी करण्याची साथ आली. ब्राउन्श्वाइगचा ड्यूक फ्रीडरिश उल्रिश याच्या मुलखात त्या काळात डझनावारी टांकसाळी निघाल्या आणि त्यांतून चांदीचा नुसता मुलामा दिलेली तांब्याची नाणी बाहेर पडली. मोठा थालर शुद्ध राहिला. तो ज्याच्या पेटीत होता तो तरला. ज्याची मजुरी लहान नाण्यांत होती, त्याच्या हातात शनिवारी चांदी आणि सोमवारी तांबे, अशी गत झाली. चांदी उपसणाऱ्या प्रदेशात चांदी उपसणाऱ्यालाच खोटे नाणे मिळावे, याहून मोठा विनोद त्या काळाने केला नसेल.

त्या विद्यार्थिनीला आज मी एवढेच सांगेन: चित्र त्याचे होते, नाणे कुक्सवाल्याचे होते.

'आउसबॉइटे' या शब्दाशी मी बराच काळ अडून बसलो. त्याच मुळापासून जर्मनमध्ये 'आउसबॉइटुंग' हा शब्द होतो. मार्क्सने १८६७ सालच्या 'कॅपिटल'मध्ये ज्याला आपण शोषण म्हणतो त्यासाठी हाच शब्द वापरला. खाण उपसून तिच्यातला धातू काढून घेणे आणि माणूस उपसून त्याच्यातले श्रम काढून घेणे, या दोन्ही क्रिया त्या भाषेत एकाच धातूवर उभ्या आहेत. भाषेला जे कळले होते ते टांकसाळीला कळायला हरकत नव्हती. पण टांकसाळीने दुसरा शब्द निवडला: 'झेगेन'. म्हणजे आशीर्वाद. एकोणिसाव्या शतकात झाक्सनच्या थालरवर 'खाणकामाचा आशीर्वाद' असे लिहिलेले दिसते. आनहाल्टच्या नाण्यावर तेच आणि प्रशियाने १८२६ पासून पाडलेल्या नाण्यांवर 'मान्सफेल्डच्या खाणकामाचा आशीर्वाद'. मित्राच्या संग्रहातले असे एक मान्सफेल्ड थालर मी हातात घेऊन पाहिले. १८६० च्या आसपासचे, साडेअठरा ग्रॅमचे. एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला गरुड आणि कडेने ती आशीर्वादाची ओळ. माणूस कुठेच नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोझरवर तो निदान मुंगीएवढा तरी होता. आता त्याच्या जागी नुसते अक्षर उरले.

हा आशीर्वाद मान्सफेल्डमध्ये कसा दिसत होता ते सविस्तर सांगितले पाहिजे. तिथले खनिज म्हणजे तांबे आणि थोडी चांदी असलेला काळा पाटीचा दगड. त्याचा थर अर्ध्या मीटरपेक्षाही कमी जाडीचा. थर तेवढाच, तर बोगदाही जेमतेम तेवढाच. जादा दगड फोडायचा तर मजुरी वाढते. म्हणून माणसाने आडवे व्हायचे. मांडीला आणि खांद्याला फळी बांधायची, कुशीवर पडायचे, मान तिरकी करायची आणि तसेच तासन् तास दगड फोडायचा. वर्षानुवर्षे असे काम करून माना वाकड्या होत. आसपासचे लोक मान्सफेल्डच्या खाणकामगारांना 'वाकड-माने' म्हणत. हे नाव शिवी होती की ओळख होती, हे ठरवणे कठीण आहे. आपल्याकडेही अशी नावे आहेत. फोडलेला दगड बाहेर आणायचे काम पोरांकडे. छोट्या गाडीचा चामडी पट्टा पोराच्या पायाला बांधलेला असे आणि तो हातांवर, गुडघ्यांवर सरपटत ती गाडी ओढत नेई. हार्ट्झमध्ये बोगद्यात नसली तरी दगड कुटण्याच्या घाण्यांवर पोरेच असत, खनिज निवडायला. थंड पाणी, ओला दगड आणि दहा-बारा वर्षांची बोटे.

याच मान्सफेल्डच्या मुलखात १४८३ साली मार्टिन ल्यूथर जन्मला. त्याचे वडील तांबे गाळण्याच्या धंद्यात वर चढलेले. १५२५ च्या शेतकरी युद्धात थोमास म्युन्त्सरने मान्सफेल्डच्या खाणकामगारांना उठवण्याची हाक दिली, तेव्हा खाणवाल्याचा हा मुलगा, ज्याने पोपच्या सत्तेला आव्हान दिले होता तो, बंडखोरांच्या विरोधात सरदारांच्या बाजूला उभा राहिला. धर्माच्या क्षेत्रातला बंडखोर भाकरीच्या क्षेत्रात बंडखोर असेलच असे नाही, हे आपल्या चळवळीतल्या माणसांना समजावून सांगायला नको. मान्सफेल्डच्या सरदारांच्या थालरवर सर्पराक्षसाला मारणारा संत गेओर्ग असे. ते नाणे जवळ असले की गोळी लागत नाही, अशी सैनिकांची समजूत होती. खाणकामगारांना मात्र कोणत्याही नाण्याने वाचवले नाही.

त्यांना मारणारी गोष्ट गोळीहून बारीक होती. गेओर्ग आग्रिकोला हा विद्वान योआखिमस्थालमध्ये वैद्य होता. खाणविद्येवरचा त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ साली प्रसिद्ध झाला. तो खाणकामाचा कैवारी होता. खाणीमुळे शेते नासतात, पाणी विषारी होऊन मासे मरतात, हे आक्षेप त्याने मांडले आहेत आणि खोडून काढण्याचा प्रयत्न केला आहे. पण वैद्य असल्यामुळे एक गोष्ट त्याच्याने लपवली गेली नाही. धुळीने फुप्फुसे कुजतात, हे सांगताना तो लिहितो की कार्पेथियन डोंगरात अशा स्त्रिया आढळतात ज्यांनी सात नवरे केले आणि सातही या रोगाने अकाली गेले. सहाशे पानांच्या आसपासच्या त्या ग्रंथातले शेकडो यंत्रांचे तपशील मी विसरेन, ही बाई विसरणार नाही. तिचे चित्र कोणत्याही लोझरवर नाही.

भट्टीवरच्यांचे हाल वेगळे. चांदी शिशाबरोबर मिसळून गाळावी लागे. तिच्या धुराने पोटात भयंकर कळा येत. हार्ट्झमध्ये या दुखण्याला 'भट्टीची मांजर' म्हणत. गोस्लारचा वैद्य सामुएल श्टॉकहाउझेन याने १६५६ साली पुस्तक लिहून हे दुखणे शिशाच्या धुराने होते, असे दाखवले. झाक्सनमधल्या श्नेबेर्गच्या खाणकामगारांचा 'डोंगराचा रोग' हा फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी सिद्ध केले. दगडातून निघणारा किरणोत्सर्गी वायू त्याचे कारण आहे, हे त्यानंतर कळले. योआखिमस्थालच्याच खनिजातून क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर, चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने युरेनियम काढण्यासाठी त्याच डोंगरात राजकीय कैद्यांना जुंपले. चांदी संपली, डॉलर जगभर गेला, पण खोऱ्याने माणसे खाणे सोडले नाही. राजवट लाल असो की मुकुटाची, त्याने खाणीच्या आत फार फरक पडलेला दिसत नाही. हे वाक्य आमच्या काही मित्रांना रुचणार नाही.

मग एवढ्या साऱ्यानंतर खाणकामगार राजाचा जयजयकार कसा करत होता? कवी हाइन्रिश हायने १८२४ साली हार्ट्झमध्ये पायी हिंडला. क्लाउस्थालची टांकसाळ त्याने पाहिली आणि पैसा तयार होताना पाहण्यापलीकडे आपली मजल कधी गेली नाही, अशी स्वतःची थट्टा केली. मग तो ओल्या शिड्यांवरून दोन खाणींत उतरला. त्याच्या वाटाड्याने त्याला मोठ्या कौतुकाने दाखवले की, केंब्रिजच्या ड्यूकने एकदा इथे खाली येऊन आपल्या लवाजम्यासह मेजवानी झोडली होती. लांब लाकडी टेबल अजून तिथेच होते, ड्यूकसाठी केलेली खनिजाची खुर्चीही होती. तो बिचारा म्हणत होता की, आमच्या प्रिय ड्यूकसाठी आम्ही सारे जीव द्यायला तयार आहोत. हायनेने हे सारे प्रेमाने आणि ओठ दाबून लिहिले आहे. जीव तर रोज जात होता, त्यासाठी ड्यूकची गरज नव्हती. पण मला तो वाटाडा हास्यास्पद वाटत नाही. धान्य महाग झाले तर हार्ट्झच्या खाणकामगारांना स्वस्त मिळावे म्हणून राज्याने ओस्टेरोडे येथे १७१९ ते १७२२ या काळात प्रचंड कोठार बांधले होते. धनी पोट सांभाळतो, मिरवणुकीत पुढे चालवतो, नाण्यावर कोरतो. एवढे झाल्यावर हिशेब मागायला जीभ रेटत नाही.

मान्सफेल्डमध्ये ती रेटली. १९०९ साली तिथल्या खाणकामगारांनी संघटना करण्याच्या हक्कासाठी संप केला आणि त्यांच्यावर लष्कर बोलावले गेले. सहा वर्षांनी, १९१५ साली, मान्सफेल्ड प्रशियात सामील झाल्याला शंभर वर्षे झाली म्हणून तीन मार्कांचे चांदीचे नाणे निघाले. त्यावर पुन्हा संत गेओर्ग, पुन्हा तोच राक्षस, आणि कडेने पुन्हा तेच शब्द: मान्सफेल्डच्या खाणकामाचा आशीर्वाद.

आता या गोष्टीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १८७१ साली जर्मन साम्राज्य झाले आणि १८७३ पर्यंत त्याने चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले. जुने थालर वितळवून ती चांदी १८७९ पर्यंत बाजारात विकली गेली. इतर देशांनीही चांदी टाकली, नव्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि तिचा भाव कोसळला. फ्रायबेर्गच्या साडेसातशे वर्षांच्या खाणी त्या भावात टिकल्या नाहीत. १९१३ साली त्या बंद झाल्या. इकडे आपला रुपया चांदीचा. १८७१ च्या सुमारास तो जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. इंग्लंडला द्यायची देणी सोन्यात होती, म्हणून तेवढ्याच देण्यासाठी अधिक रुपये, म्हणजे शेवटी रयतेकडून अधिक सारा. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. या साऱ्या उलथापालथीची चिकित्सा बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ सालच्या ग्रंथात आहे. आमच्याकडे तो ग्रंथ कपाटात पुजला जातो, वाचला क्वचित जातो. नाण्यामागे कोणाचा हात आहे आणि त्याच्या भावाचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थिदशेतच हाताशी धरला होता. ते १९२२ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही गेले होते. थालर तोवर चलनातून जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

मान्सफेल्डच्या मूळ खाणी १९६९ साली आणि शेजारच्या झांगरहाउझेनची शेवटची खाण १९९० साली बंद झाली. गोस्लारची रामेल्सबेर्ग खाण १९८८ साली बंद झाली आणि १९९२ पासून जागतिक वारसा आहे. तिकीट काढून आत जाता येते. मोठे लोझर आता लिलावात फार मोठ्या किमतीला जातात. मित्राने आपले मान्सफेल्ड थालर मला आठ दिवस ठेवायला दिले होते. परत करण्यापूर्वी मी ते वडिलांच्या बिल्ल्याशेजारी ठेवून पाहिले. आकार जवळजवळ सारखाच आहे. बिल्ल्याला भोक आहे.